लाल मखमली डबीतली परकी तबकडी

मित्रांनो, मी सिनेमाची एक जुनी तबकडी, म्हणजे सीडी आहे. सध्या माझा मुक्काम तळवली गावातल्या एका तीन मजली घराच्या गच्चीवर आहे. पारव्यांनी वाळवणावर बसू नये म्हणून मला सुतळीने टांगलं आहे. वारा आला की मी गरगर फिरते, ऊन पडलं की चमकते आणि पारवे थोडे दचकतात. थोडेच, कारण त्यांनाही आता माझी सवय झाली आहे. कुणी म्हणेल, काय ही दशा! पण खरं सांगते, इथे मी सुखात आहे. याआधी बरीच वर्षं मी याच घरात मोठ्या मानाच्या जागी होते. तो मान आठवला की मला आजही मेल्याहून मेल्यासारखं होतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. वितळलेलं प्लॅस्टिक साच्यात दाबून मला गोल केलं आणि वर चांदीसारखा पातळ मुलामा दिला. माझ्या पोटात एक मारामारीचा सिनेमा भरला. नायक एकटा, गुंड ढीगभर, आणि शेवटी उभा कोण राहणार हे पहिल्या पाच मिनिटांतच कळावं असा तो सिनेमा. पण लोकांना तो आवडायचा, म्हणून मीही तोऱ्यात असायचे.

तुर्भ्याच्या एका गोदामात मला नोकरी लागली. तुमच्यापैकी पुष्कळांना ही नोकरी ठाऊक नसेल. तेव्हा सिनेमे मोबाइलमध्ये मावत नव्हते. एका कंपनीने घरपोच सिनेमाची योजना काढली होती. आपलं नाव नोंदवायचं, हवे ते सिनेमे निवडायचे, की एकेक तबकडी पाकिटातून घरी यायची. बघून झाली की त्याच पाकिटात घालून द्यायची, मग पुढची यायची. वजन वाढू नये म्हणून आम्हाला डबी नसायची. पांढऱ्या कागदी खिशात बसून मी वाशी पाहिली, नेरूळ पाहिलं, खारघर पाहिलं. मी परत आले की गोदामात मला मांडणीवर बसायलासुद्धा उसंत नसायची, लगेच दुसऱ्या घरचं बोलावणं यायचं. माझ्याइतकी मागणी दुसऱ्या कुणाला नाही, असं मला वाटायचं. गर्वाचं घर खाली, हे तेव्हा ऐकलं होतं, पण ते दुसऱ्यांसाठी असतं असा माझा समज होता.

अशीच एकदा मी तळवलीला आले. घर कमळाकरांचं. आगरी कुटुंब. पूर्वीची भातशेती नवं शहर वसवताना गेली होती, आणि आता घराचे वरचे मजले भाड्याने दिलेले होते. योजनेचा पहिला महिना फुकट आहे, असं कमळाकरांनी वर्तमानपत्रात वाचलं आणि नाव नोंदवलं.

"ट्राय करून बघू," ते बायकोला म्हणाले, "फुकटचा हाय. पन एक सांगतो संध्या, महिना झाला का हे लोक फोन करून करून डोकं खानार. आपन उचलायचाच नाय."

घरात कमळाकर, त्यांची बायको संध्या, हितेश आणि सोनल ही दोन लहान मुलं, आणि कमळाकरांच्या आई सुमित्राबाई. सुमित्राबाई धवलारीण होत्या. आगरी लग्नात हळदीला, मांडवाला, नवरीला न्हाऊ घालताना जी गाणी म्हणतात ते धवले, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. तिच्या धवल्यावाचून लग्नाचं पान हलत नसे. एकही धवला कुठे लिहिलेला नव्हता. सासूच्या तोंडून सुनेच्या तोंडात, असे ते चालत आले होते. सुमित्राबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, पण त्या रात्र सरेपर्यंत गाऊ शकत.

त्या घरात माझ्याआधीपासून एक तबकडी राहत होती. सुमित्राबाईंची धाकटी लेक भावना हिच्या हळदीची. लेकीच्या हळदीला आईने सगळेच्या सगळे धवले म्हटले होते आणि ते सगळे त्या तबकडीत होते. ज्या स्टुडिओने ते चित्रण केलं तो बंदही पडला होता, त्यामुळे दुसरी प्रत नव्हती. तिला लाल मखमली डबी होती आणि डबीवर नवरानवरीचा फोटो.

मित्रांनो, आता माझी लाज सुरू होते.

मला न्यायला माणूस यायचा होता त्या दिवशी भावना सासरच्या मंडळींना घेऊन माहेरी आली होती. सगळ्यांनी तिच्या हळदीची तबकडी पाहिली. नंतर टीव्हीवर आम्ही दोघी शेजारी शेजारी उघड्या पडलो होतो. दोघी पांढऱ्या, दोघी गोल. माझ्यावर छापील नंबर, तिच्यावर पेनाने लिहिलेलं 'भावना, हळद'. ज्यांना वाचता येतं त्यांच्यासाठी आम्ही वेगळ्या होतो.

दारावरची घंटा वाजली. संध्या मोरीत कोलंबी सोलत होती.

"आई," तिने आतूनच हाक मारली, "ती टीव्हीवरची शीडी पाकिटात घालून द्या ना! माझे हात कोलंबीचे हायत."

सुमित्राबाई उठल्या. त्यांनी आम्हा दोघींकडे पाहिलं. हाताला आधी लागली ती पदराने पुसली, पाकिटात घातली आणि दारातल्या माणसाच्या हातात दिली. स्वतःचा सगळा गळा त्यांनी स्वतःच्या हाताने दुसऱ्याला देऊन टाकला. मग हात धुऊन संध्या आली. टीव्हीवर एकच तबकडी उरली होती. तिने ती न पाहता लाल डबीत ठेवली आणि डबी कपाटात. ती तबकडी म्हणजे मी.

थोड्याच दिवसांत कंपनीचा फोन आला. मी कपाटातून सगळं ऐकत होते.

"कमळाकर सर का?" पलीकडून एक मुलगी बोलत होती. "तुम्ही पाठवलेल्या पाकिटात..."

"पाठवली ना? झाला तर मग. आमाला पुढे नाय घ्यायची तुमची स्कीम."

"सर, तसं नाही, पाकिटात दुसरीच..."

कमळाकरांनी फोन ठेवला. तिचा पुन्हा फोन आला. पुन्हा ठेवला. तिसऱ्या वेळी ती घाईघाईने म्हणाली, "सर, फक्त तुमच्या सीडीची डबी उघडून बघा!" पण तोवर कमळाकर ओरडायला लागले होते. "मॅडम, एकदा सांगितलेलं कलत नाय? पैसे काढायचे धंदे हायत तुमचे!" संध्याकडे बघून ते हसले, आपण कसे फसलो नाही म्हणून.

मला ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते. पण आम्हा तबकड्यांना कुणी फिरवल्याशिवाय तोंड नसतं. पुढे ती कंपनीच बंद पडली. त्या हळदीच्या तबकडीचं काय झालं, मला माहीत नाही.

मग माझी चैन सुरू झाली, आणि तीच माझी शिक्षा. आयत्या बिळात नागोबा, तशी मी मखमलीत बसले. घरातला प्लेअर बिघडला. नवा टीव्ही आला, त्याला तबकडी घालायला जागाच नव्हती. डबी उघडायचं कारण उरलं नाही. पण मान मात्र वाढत गेला. दरवर्षी खंडेनवमीला कोयता, विळा आणि गाडीची चावी यांच्याबरोबर लाल डबीही पाटावर यायची. कमळाकर तिला हळदकुंकू वाहायचे, फूल ठेवायचे आणि मुलांना सांगायचे, "ही आजीची इद्या हाय. हात लावायचा नाय." आत मी. माझ्यात गुंडांच्या अड्ड्यावरची हाणामारी. ते हळदकुंकू डबीवर पडलं की मला वाटायचं, जमीन दुभंगावी आणि मी तिच्यात जावं.

याहून वाईट गोष्ट पुढे घडली. गावात हळदीला डीजे आला. सुमित्राबाईंना बोलावणी येईनाशी झाली. एक-दोन पोरी त्यांच्याकडे धवले शिकायला यायच्या, त्याही थांबल्या. संध्याने एकदा विचारलं होतं, "मी शिकू का हो?" तेव्हा कमळाकरच म्हणाले, "कशाला टेन्शन घेतेस? आयेचा सगला शीडीत हाय." पाहुण्यांनाही हेच सांगायचे. सुमित्राबाईही मान डोलवायच्या. हळूहळू त्या गायच्या थांबल्या. त्यांना दम लागायला लागला. त्यांची खाट खिडकीशी गेली. जेवण वेळेवर मिळायचं, औषध वेळेवर मिळायचं, पण गाण्याबद्दल कुणी काही विचारायचं नाही. सगळे मला जपत होते.

मग सोनलचं लग्न ठरलं. ती आता नोकरी करणारी मुलगी होती. तिने एकच हट्ट धरला. "बाबा, डीजे नंतर लावा. पण हळद लावताना आजीचेच धवले पाहिजेत."

"लावू ना," कमळाकर म्हणाले. "मोठ्या स्क्रीनवर लावू. सगला गाव बघंल."

हितेशने मित्राकडून जुना प्लेअर आणला. मांडवात भिंतीएवढा पडदा लागला. गावातल्या बाया दाटीवाटीने बसल्या. भावना आत्या सगळ्यात पुढे होती, तिने आताच डोळ्यांना पदर लावला होता. सोनल पाटावर बसली. सुमित्राबाईंना खुर्चीत बसवून बाहेर आणलं. कमळाकरांनी सगळ्यांसमोर डबीला नमस्कार केला आणि ती उघडली. संध्याने माझ्यावरचा नंबर पाहिला. तिचा हात पुढे आला, पण हितेशने मला प्लेअरमध्ये सरकवलं होतं.

मी फिरायला लागले. मला थांबता येत नव्हतं. पडद्यावर एक माणूस दुसऱ्याला गच्चीवरून खाली फेकत होता. मग काच फुटली, मग बंदूक वाजली. मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं, ही गंमत आहे. बायकांमध्ये कुणी हसलं, मग कुणीच हसेना.

"बंद कर! हितेश, बंद कर ते!" कमळाकर ओरडले. मग संध्याकडे वळले. "कुनी उघडली व्हती डबी? कुनी बदलली?"

संध्याला ते कोलंबीचे हात आठवले असणार. पण सगळ्या गावासमोर सासूचं नाव तिने घेतलं नाही. मान खाली घालून ती ऐकत राहिली.

"तिला नको बोलूस," खुर्चीतून सुमित्राबाईंचा आवाज आला. पार बसलेला, घोगरा. "मीच घातली ती पाकिटात. मला कुठं वाचता येतंय? दोनी सारख्याच दिसल्या. मीच घालवली रं."

कमळाकर मांडवाच्या खांबाला धरून खाली बसले.

"नाय आये," ते म्हणाले. "त्या बाईचा फोन आलता. तीनदा आलता. डबी उघडा, डबी उघडा करत व्हती. मीच तिला शिव्या घातल्या."

मी प्लेअरमध्ये होते, आणि मला तिथून कधीच बाहेर काढू नये असं वाटत होतं.

सोनल पाटावरून उठली. नवरीने उठायचं नसतं, म्हणून दोघीतिघींनी तिला धरलं, पण ती गेली आणि आजीच्या पायाशी बसली.

"आजी, सीडी गेली तर गेली. तू आहेस ना?"

"गला नाय राहिला गो माजा."

"गळा नको. शब्द सांग. आम्ही म्हणतो."

मग हळदीचा, सगळ्यांत पहिला धवला सुमित्राबाईंनी सांगायला घेतला, गाऊन नव्हे, नुसता बोलून. "जात्या दादा, हलू फिर रं, लेक माजी उद्याला जाईल." मध्ये दम घेत, एकेक ओळ. भावना आत्याने ओळ उचलली, मग संध्याने, मग मागच्या बायांनी. हितेशने सवयीने मोबाइल वर केला. सोनलने त्याचा हात खाली केला. "आधी तोंडाने म्हण. मग घे."

हितेशने म्हटलं. कमळाकरांनीही म्हटलं, खांबाशी बसून, रडत. त्या धवल्यात सोनलला हळद लागली. आता सगळं ठीक झालं, असं मला वाटलं.

"आजी, आता मांडवाचा," सोनल म्हणाली.

सुमित्राबाईंनी तोंड उघडलं. सगळ्या बाया पुढे झुकल्या. आजींचे ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले. त्यांनी डोळे मिटले, कपाळावर हात घासला.

"व्हता गो," त्या म्हणाल्या. "तोंडात व्हता. म्हनल्याबिगर राहत नाय ते. कुनी इचारलाच नाय मला."

मांडवाचा धवला आला नाही. न्हाणीचा आला नाही. पाठवणीच्या फक्त दोन ओळी आल्या आणि बायकांनी त्याच दोन ओळी पुन्हा पुन्हा म्हणून सोनलला सासरी पाठवली.

मित्रांनो, काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, ते हेच. पुढे कमळाकरांनीच मला गच्चीवर टांगलं. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. माझ्यासारख्या वस्तू तुम्ही खुशाल पुसा, जपा, कपाटात ठेवा. पण तुमच्या घरात कुणी गाणारं, सांगणारं, काही येत असलेलं म्हातारं माणूस असेल, तर त्याचं सगळं नीट साठवून ठेवलंय म्हणून निर्धास्त होऊ नका. आज जेवण झाल्यावर त्याच्या खाटेवर जाऊन बसा आणि त्याला विचारा.