पाण्यात दहा मिनिटं

“याला हात कोणी लावला?”

एक चप्पल पायात, एक दाराशी, पर्स खांद्यावरच. ती तशीच दिवाणखान्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर उभी राहिली.

वहिनी पडदे ओढत होत्या. “अहो वन्सं, आल्या आल्या काय हे! यांचे साहेब यायचेत. यांनी जरा वर ठेवलं, दिसावं म्हणून.”

दिसत होतं खरं. ऐन दिव्याखाली, सगळ्यांत वरच्या दगडावर. मंगळवारी तिनं ते प्रवाळ विकत आणलं होतं. त्याच्या पिशवीत टाकीचं पाणी तासभर थेंबाथेंबानं सोडलं, मग तळाशी सावलीत ठेवलं. आठवड्याला एकेक पायरी वर न्यायचं, हळूहळू उजेडाला सरावू द्यायचं. काल त्याची बोटं पहिल्यांदा उमलली होती. हिरवीगार, टोकाला सोन्याचा ठिपका, पाणी हललं की कोवळ्या पिकासारखी एका अंगाला लवणारी. आता नुसती मिटलेली गाठ होती, वर बुळबुळीत थर. जिथं अंगठा रुतला होता तिथलं मांस सोलवटून आतलं पांढरं दिसत होतं.

दादा शर्टाची बटणं लावत आला. “चार दिवस झाले, रुसल्यासारखं कोपऱ्यात बसलंय. म्हटलं, दगड तर आहे, जरा दाखवू लोकांना.”

“दगड नाही तो. जीव आहे.”

“बरं बाई, जीव. पण टाकी माझी आहे ना?”

टाकी त्याचीच. हौसेनं आणली आणि दोन महिन्यांत हौस फिटली. पुढं सहा वर्षं दर रविवारी पाणी बदललं ते तिनं. पण त्यातलं एक शेवाळसुद्धा तिचं नव्हतं. हे प्रवाळ तेवढं तिचं.

तिनं बाही खांद्यापर्यंत सारली. दगड चिकटवायची, पाण्यात घट्ट होणारी लांबी कणकेसारखी मळली, प्रवाळाच्या बुडाला लावली आणि हात बगलेपर्यंत आत घालून ते खालच्या कपारीत दाबून धरलं. आता ते कोणाला सहज उचलता येणार नव्हतं. फक्त दहा मिनिटं हात हलता कामा नये.

तेवढ्यात घंटी वाजली.

“हात काढ,” दादा दबक्या आवाजात म्हणाला. “काय अवतार हा! चांगले कपडे घालून ये.”

“दहा मिनिटं.”

दादानं खोलीतले दिवे मालवले, टाकीचा तेवढा राहू दिला. साहेब आणि त्यांच्या बाई त्या निळ्या उजेडात येऊन बसले. वहिनींनी चहा ठेवला.

“वा!” साहेब म्हणाले. “फार काम असेल हो याचं?”

“तर! लहान मूल सांभाळावं तसं मी सांभाळतो,” दादा हसला. “ही बहीण. करते आपली लुडबुड मधूनमधून. तिला तरी दुसरं काय आहे?”

तिच्या कानशिलांत रक्त उसळलं. पण मनगट हललं नाही. वीस वर्षं डायलिसिसच्या वॉर्डात ती हेच करत आली होती. सुई काढली की रोग्याच्या हातावर बोळा दाबून दहा मिनिटं थांबायचं. रोगी रडो, शिव्या घालो, बोट ढळायचं नाही. राग यायचा तिथंही. तो खांद्यापर्यंत येऊ द्यायचा, पुढं नाही.

“दादा,” ती टाकीकडे बघतच म्हणाली, “साहेबांना सांग ना, पाणी उडून कमी झालं की वरून कसलं घालतोस?”

“कसलं म्हणजे? मिठाचंच. समुद्राचे मासे आहेत ते.”

“साधं घालतात. मीठ उडत नाही. तुझ्या हिशेबानं चाललं असतं तर सगळे केव्हाच खारवून मेले असते.”

साहेबांच्या बाईंना हसू आवरेना. वहिनी बशी पुसू लागल्या, पुसलेलीच.

“तोंड आवर,” दादा म्हणाला. आता तो हसत नव्हता. “माझ्या घरात राहतेस.”

“राहते. आणि पुन्हा याला हात लावलास तर तुझ्या साहेबांसमोर नाही, तुझ्या अख्ख्या कचेरीसमोर बोलेन.”

घड्याळात मिनिटकाटा पुढं सरकला. तिनं एकेक बोट सोडलं. प्रवाळ जागचं हललं नाही. उघडलंही नाही. जगेल की नाही हे आठवड्यानं कळणार होतं.

तिनं हात बाहेर काढला. बोटं पांढरी, सुरकुतलेली. कोपरावरून पाणी गालिच्यावर ठिबकत राहिलं आणि तिनं ते ठिबकू दिलं.

“आता याला अंधार लागेल,” ती म्हणाली आणि टाकीचा दिवा बंद केला.

बटण दादाच्याही हाताशी होतं. पण दिवा पुन्हा लावायला कोणीच उठलं नाही. काळोखात कपबश्यांचा किणकिणाट तेवढा झाला. ज्यानं त्यानं आपापला चहा चाचपून घेतला.