खाकी पँट

"खाकी चालत नाही. बाजूला हो," म्हणत पहारेकरणीने ज्यूसेलियाला रांगेतून बाहेर काढलं.

ओलिंदाने मागे वळून पाहिलं. सुनेच्या अंगावर खरोखरच खाकी पँट होती. पहाटे अंधारात बस धरली, तेव्हा दिसली नव्हती, आणि पुढे वाटभर ज्यूसेलिया जेवणाची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आतले कैदी खाकी घालतात, म्हणून भेटीला येणाऱ्यांनी तो रंग घालायचा नाही, हे इथल्या बायकांना पहिल्याच रविवारी कळतं. ज्यूसेलिया तर सहा वर्षं येत होती.

फाटकासमोर कपडे भाड्याने देणाऱ्या सिदाने टपरीतूनच हाक मारली. "ये गं पोरी, लेगिंग आहे तुझ्या मापाची. भडक गुलाबी आहे, पण नवरा काही तक्रार करणार नाही."

रांगेतल्या बायका हसल्या. ज्यूसेलिया जागची हलली नाही.

"घाल की," ओलिंदा म्हणाली. "वान्देर वाट बघत असेल."

तो आठवडाभर याच दिवसावर जगायचा. मागे ज्यूसेलिया तापाने घरी राहिली, तर त्याने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही, आणि ओलिंदाने ते सुनेला चांगलंच ऐकवलं होतं. तुरुंगातल्या नवऱ्याला सोडून गेलेल्या बायकांना ही रांग नावं ठेवायची, तेव्हाही ओलिंदाचा आवाज सगळ्यांत वर असायचा.

"आई, मी विसरले," ज्यूसेलिया म्हणाली. आवाजात ना लाज होती, ना घाई.

ओलिंदाला सगळं उमगलं. आधी तर तिच्या कानाखाली एक ठेवून द्यावी असं वाटलं. मग त्या उतरलेल्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं. सहा दिवस शिवणकारखान्यात मान मोडायची आणि सातवा इथे. पोरीचं सगळं तरुणपण या फाटकाशी उभं राहून गेलं होतं.

सिदा लेगिंग घेऊन आलीच. ओलिंदाने ती सुनेच्या कमरेला लावून पाहिली. माप अगदी बरोबर होतं.

"नाही व्हायची हिला."

"अगं, ताणते ती!"

"नाही होणार म्हटलं ना, सिदा."

ज्यूसेलियाचे डोळे भरून आले. "आई..."

"ती पिशवी दे इकडे. आणि बस पकड, ऊन चढतंय."

आत पहारेकरणीने डबा उघडून घेवड्याची उसळ चमच्याने ढवळून पाहिली आणि सोडलं. वान्देर अंगणात चादर अंथरून बसला होता. तो आईच्या खांद्यावरून मागे पाहत राहिला.

"ज्यूसेलिया कुठंय?"

"फाटकापर्यंत आली होती. खाकी घालून आली, परत पाठवली."

"सहा वर्षांनी विसरली?"

"हो."

"बरी आहे ना ती?"

"बरी आहे, बाळा."

वान्देरने मान खाली घातली. गुडघ्यावरची खाकी तळव्याने सारखी केली. मग आईने काढून ठेवलेल्या तीन चमच्यांतला एक उचलला आणि परत पिशवीत ठेवला.