मेण लावलेली फळी

"आधी होडी धुवायची, मग कंपाऊंडनं घासायची, मग मेण. आन् बसायच्या फळीला मेण लावायचं न्हाई, गिते. ध्येनात ठेव."

रखमाजी मागल्या साली गेले, पण नवऱ्याचं हे सांगणं गिताबाईंच्या मनात पक्कं होतं. अडचण एवढीच, की ते आठवलं नेमकं मौनात. अंघोळीपासून तुळशीच्या प्रदक्षिणा पुऱ्या होईस्तोवर बोलायचं नाही, हा त्यांचा रोजचा नेम.

होडी फायबरची. उन्हानं तिचा निळा रंग विटून पिठासारखा सुटत होता. मागच्या खेपेला नणंद धुरपदा तिला टेकून बसली आणि भीमेपल्याड, शिरूरच्या हद्दीत, पाठभर पांढरी होऊन उतरली. गिरणी टाकली का, असं लोकांनी विचारलं. तेव्हापासून तिनं होडी सोडली. जीपमध्ये तिला उलट्या होतात. आज पल्याड तिच्या नातीचं बारसं, आणि गिताबाईंनी शब्द दिला होता, वन्सं, लुगड्याला डाग न लागता पोचवीन.

म्हणून त्यांच्या मुलानं, पप्पूनं, दौंडच्या गॅरेजातून गाड्या चकाकवायचं कंपाऊंड आणून होडी घासली. निळाई परत आली. सकाळी काठावर मेण चढवता चढवता तो बसायच्या फळीकडे वळला.

काठालगतच्या अंगणात प्रदक्षिणा घालणाऱ्या गिताबाईंनी हात हलवला, नको, नको. पप्पूला वाटलं, आई गोल गोल घासायला सांगतीय. त्यांनी हात जोरात हलवला, त्यानं जोरात घासलं.

धुरपदा आली. होडीवर बोट फिरवलं, कोरडंच निघालं. चकाकीत बघून तिनं कुंकू नीट केलं आणि खुशीत फळीवर टेकली. पप्पूनं बांबू रेटला मात्र, आत्या फळीवरून मागं घसरली. पाय आभाळाकडं.

"लुगड्याला डाग न्हाई, आत्या," पप्पू म्हणाला.

"लुगडं पोचंल रं. मी न्हाई पोचायची." असं म्हणून ती उतरली आणि काठाकाठानं पुलाच्या दिशेनं चालू लागली.

गिताबाईंनी एकही प्रदक्षिणा गाळली नव्हती. तोंड मोकळं झालं तेव्हा नणंद बाभळीआड गेली होती. पप्पू कुरकुरला, हात हलवण्यापेक्षा बोलायचं तरी. त्यांनी राख घेऊन फळी खसाखसा घासली, वर रखमाजींचं खरखरीत घोंगडं अंथरलं आणि बांबू हाती घेतला.

धुरपदा काठानं तरातरा चालली होती, मान ताठ. तिच्या बरोबरीनं पाण्यातून निळी होडी हळूहळू निघाली.