लुसीलबाई आमच्या अंगणात

लुसीलबाई आमच्या घरी येणार हे कळल्यापासून मी वाकळीचे तेच टाके घालत होते आणि उसवत होते.

इंदोऱ्यात, आपल्या माणसांच्या वस्तीत, आम्हा बायांची एक संस्था होती. जुन्या लुगड्यांचे थर लावून वाकळी शिवायच्या आणि व्यापाऱ्याच्या पाया न पडता आपल्या आपण विकायच्या. लुसीलबाई अमेरिकेतल्या, अलाबामाच्या. तिकडच्या काळ्या बायांनीही गोधड्यांची अशीच संस्था काढलेली. दोन्ही संस्थांनी एकमेकींचा माल विकायचा, फायदा बरोबरीनं वाटायचा, असं ठरत आलं होतं. पण त्यांची एक रीत होती. जिच्याशी धंदा जोडायचा, तिच्या घरी जाऊन तिच्या हातचं खायचं, मगच सही. तिकडे म्हणे मदत देणारे पुष्कळ भेटले, पण ताटाला ताट लावून बसणारं कोणी नव्हतं. म्हणून ही रीत.

प्रत्येक बाईच्या घरी, म्हणजे माझ्याही घरी.

आम्ही नंदनवनात रुखमाबाईंच्या मागच्या खोलीत राहायचो. माझा नवरा हिंगण्याच्या कारखान्यात. खोली घेताना रुखमाबाईंनी विचारलं होतं, "कोनचे गा तुम्ही?" हे म्हणाले, "काटोलकडचे." त्यातून त्यांनी हवं ते समजून घेतलं, आणि आम्ही समजू दिलं. बाबासाहेबांचा फोटो पेटीत, माझ्या लग्नाच्या साडीखाली. आधीच्या खोलीत तो भिंतीवर होता. म्हणून तिथून निघावं लागलं, तेव्हा माझा सुमेध तान्हा होता. भर पावसात त्याला पोटाशी धरून मी हातगाडीमागे चालले होते. तेव्हापासून कोणी जरा मोठ्यानं 'गोपिका' म्हटलं तरी मी आधी पेटीचं कुलूप चाचपायचे.

आणि सुमेधला तर रुखमाबाईंचं वेड. दुपार झाली की दुडूदुडू त्यांच्या ओट्यावर. "आजी, आ!" की त्या वरणभात कालवायला बसायच्या. माझ्या हातून दोन घास न खाणारा पोरगा तिथे वाटी चाटूनपुसून खायचा.

भीती वेगळीच होती. लुसीलबाईंना 'जय भीम' करायला शिकवलं होतं आमच्या संस्थेच्या प्रमोदिनीताईंनी, आणि तो त्यांना इतका आवडला की त्या दिसेल त्याला करत सुटल्या.

"सीताबर्डीत हवालदाराले केला वं!" प्रमोदिनीताई पोट धरून हसत होत्या. "थो बिचारा टोपी सावरत राह्यला, सलाम ठोकू का नोको ठोकू!"

संस्थेतल्या सगळ्या हसल्या. मी त्यांना बाजूला घेतलं. "ताई, माझ्या घरी येताना त्यांना नुसता नमस्कार करायला सांगाल का?"

"काहून?"

"घरमालकीण..."

त्यांचं हसू मावळलं. "मी नाय सांगत. म्याच शिकवला, आता म्याच म्हनू का, इथं लपव म्हनून? तुले सांगाचं तर तू सांग. मी इंग्रजी करून देतो."

मी लुसीलबाईंपुढे जाऊन बसले. त्या वाकळीचा धागा तोडत आपलीच गोष्ट सांगत होत्या. मतदानासाठी नाव नोंदवलं म्हणून जमीनमालकानं त्यांना पोराबाळांसह घराबाहेर काढलं. थंडीचे दिवस. तंबूत राहिल्या, आणि तंबूतच पहिली गोधडी शिवली. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "जय भीम केला की समोरचा नेहमी उत्तर देतो का?"

"नेहमी," मी म्हणाले. जे सांगायला गेले होते ते तसंच राहिलं.

त्या यायच्या दिवशी सकाळी बूट घालता घालता हे म्हणाले, "पोहे कर, चहा दे. आत बसव अन् दार लोटून घे."

"अन् फाटकातच बोलल्या तर?"

ते नाडी बांधून उठले. कंपनीच्या बसची वेळ झाली होती.

मी सकाळपासून फाटकाकडे डोळे लावून होते. ठरवलं होतं, दिसल्या की धावत जायचं, हात धरायचा आणि आत आणायचं. पण पोहे लागले. त्या वासानं आत धावले, कढई उतरवली आणि तेवढ्यात फाटक वाजलं.

बाहेर आले तर लुसीलबाई अंगणाच्या मध्यावर. उंच, पिवळा झगा, मागे प्रमोदिनीताई. ओट्यावर रुखमाबाई, मांडीवर सुमेध. लुसीलबाईंनी मला पाहिलं, हात जोडले आणि साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, "जय भीम, गोपिका!"

रुखमाबाईंचा घास सुमेधच्या तोंडाजवळच थांबला.

मग त्याच हसल्या, घाईघाईनं. "बाहेरदेशची बाई, तिले काय समजते! कोनं तरी शिकवलं असन. नाही का वं, गोपिका?"

सुटायला वाट होती. 'हो ना' म्हटलं की झालं. रुखमाबाईंनाही तेच हवं होतं, डोळ्यांत दिसत होतं. सुमेध तोंडाचा आ करून घासाची वाट पाहत होता. त्याचे ते पुढचे चार दात. लुसीलबाई हात जोडून उभ्याच. हसू अजून होतं, पण डोळे एकदा ओट्याकडे आणि एकदा माझ्याकडे गेले. त्यांना कळायला लागलं होतं. त्यांनी हात मात्र सोडले नाहीत.

मी दाराची चौकट धरली.

"जय भीम," मी म्हणाले. ते ओट्यापर्यंत पोचलं नाही. म्हणून पुन्हा म्हणाले.

रुखमाबाईंनी वाटी खाली ठेवली. सुमेधला मांडीवरून उचलून ओट्याच्या पायरीवर उभं केलं, अगदी हळू, पडू नये असं. आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

"आजी, आ!" सुमेध दारावर थापा मारू लागला.

लुसीलबाई पायरीवर बसल्या, त्याला मांडीवर घेतलं, वाटीतला उरलेला भात त्याला भरवला. प्रमोदिनीताईंना काहीतरी म्हणाल्या.

"काय म्हणतात?"

"म्हनते, गोपिकानं आधी सांगितलं असतं तर मी हळू बोलली असती." प्रमोदिनीताईंनी डोळे पुसले. "चूक माही हाये वं. माह्या तोऱ्याची."

लुसीलबाई पोहे खाऊन गेल्या. थोडे लागलेलेच होते. मी वाटी घासून रुखमाबाईंच्या उंबऱ्यावर ठेवली आणि सुमेधला छातीशी धरून खोलीत बसले. बाहेर काहीही वाजलं की तो "आजी" म्हणायचा आणि मी त्याला आणखी घट्ट धरायचे.

दिवेलागणीला रुखमाबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या.

"खोली पाहून घ्या दुसरी."

"हो."

"थे वाटी तुमच्याचकडे राहू द्या."

त्या वळल्या. चार पावलं गेल्या आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाल्या, "पोराले अंगनात एकटं नोको सोडू. विहिरीवरची फळी सरकली हाये."

फाटकाशी ह्यांची पावलं वाजली. मी वाटी उचलून आणली, तीत भात कालवला आणि सुमेधला भरवायला बसले. त्यानं तोंड घट्ट मिटून घेतलं आणि दाराकडे पाहत राहिला.