‘इतर औषधे’ हा रकाना

मी एक वही बोलतेय. शाळेच्या दप्तरातली नव्हे. माझ्या मुखपृष्ठावर ‘रुग्णाची दैनंदिनी’ असं छापलंय. बंगळूरच्या एका रुग्णालयात फुफ्फुसाच्या कर्करोगावरच्या नव्या गोळीची चाचणी चाललीय, तिथली मी. गोळी किती वाजता घेतली, काय त्रास झाला, गोळीखेरीज दुसरं काही घेतलं का, हे रुग्णानं रोज माझ्यात लिहायचं.

माझा जन्म इंग्रजीत झाला. मग कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी अशी भावंडं झाली आणि शेंडेफळ मी, मराठी. भाषांतर करणाऱ्यानं उलटीचं ‘वमन’ केलं, जुलाबाचा ‘अतिसार’. रुग्णांचं हित पाहणाऱ्या समितीनं माझं पानन्‌पान वाचलं, दोन वाक्यं खोडली, मग शिक्का मारला. त्यानंतर सात महिने मी कपाटात पडून. बंगळुरात मराठी वही मागणार कोण?

मागितली कस्तुराबाईंनी. माहेर निपाणीकडचं, वय एकसष्ट, राहायला येलहंका. नेहमीची औषधं दीड वर्ष लागू पडली, मग पडेनाशी झाली, तेव्हा डॉक्टर शेषगिरींनी या चाचणीबद्दल सांगितलं. रुग्णांची कागदपत्रं सांभाळणारी अक्षरा म्हणाली, “अक्का, कन्नड वही चालेल ना?”

“बोलायला चालतं गं. पण दुखलंखुपलं लिहायचं तर मराठीच येतं.”

त्यांचे यजमान चंद्रकांत विमानाच्या सरकारी कारखान्यात तपासणीस होते. चाचणीचा दाखला नसलेला स्क्रूसुद्धा त्यांनी उभ्या नोकरीत कधी पुढे जाऊ दिला नाही. संमतीपत्राची चोवीस पानं त्यांनी लाल पेनानं रेघा ओढत वाचली आणि डॉक्टरांना दीड तास धारेवर धरलं.

“गुण येईलच असं नाही, असं लिहिलंय पान सातवर.”

“हो.”

“यकृताला त्रास होऊ शकतो. पान अकरा.”

“होऊ शकतो.”

“मग तुम्हाला नक्की माहीत तरी काय आहे?”

“थोडंच,” डॉक्टर म्हणाले. “आधी प्राण्यांवर झालं, मग थोड्या माणसांवर. किती द्यायची, धोका कुठे आहे, ते कळलं. गुण किती येतो, ते आता बघतोय.”

चंद्रकांत बायकोकडे वळले. “तुझा उंदीर करतायत हे.”

“उंदराला कुणी चोवीस पानं वाचायला देतं का?” असं म्हणून कस्तुराबाईंनी सही केली.

पहिले तीन आठवडे छान गेले. मग चंद्रकांतांना सकाळी सोबत फिरायला येणाऱ्या कृष्णमूर्तींनी एक पत्ता दिला. आनेकलच्या पुढे कर्करोगावर औषध देणारे कुणी गुरुजी होते. चंद्रकांत तिथून एक बरणी आणि एक चकचकीत पत्रक घेऊन आले. पत्रकावर लिहिलं होतं, ‘शंभर टक्के गुण. दुष्परिणाम शून्य.’ चोवीस पानांवर रेघा ओढणाऱ्या माणसानं यावर एकही रेघ ओढली नाही. बरणीत काय आहे, हेही विचारलं नाही.

“अहो, डॉक्टरांना सांगायचं ना?”

“कशाला? झाडपाला आहे, त्यानं काय होणार? उगाच चाचणीतून काढतील तुला.”

सकाळी गोळी, संध्याकाळी कोमट पाण्यातून हिरवी पूड. माझ्यातल्या ‘इतर औषधे’ या रकान्यात मात्र ‘नाही’. असे एकोणीस ‘नाही’ झाले. त्यांचं अक्षर रोज बारीक होत गेलं.

पुढच्या रक्ततपासणीत यकृताचे आकडे चौपट निघाले. डॉक्टरांनी मला पहिल्यापासून चाळलं. “दुसरं काही घेताय?”

“काही नाही,” चंद्रकांत म्हणाले.

नियमाप्रमाणे गोळी बंद झाली. गोळीमुळे यकृताला त्रास झाल्याची शंका आहे, असा अहवाल वर गेला. बाहेर आल्यावर चंद्रकांत म्हणाले, “म्हणालो नव्हतो? पान अकरा!” बायकोचं यकृत सुजलं होतं, पण आपण बरोबर निघालो याचं समाधान त्यांना लपवता येईना. माणसाचं असं असतं. गोळी बंद झाली, पूड चालू राहिली.

आठ दिवसांनी आकडे आणखी वाढले.

त्या दुपारी कस्तुराबाई मला घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसल्या. “अहो, गोळी बंद होऊन आठवडा झाला. मग हे वाढतंय कशानं?”

कस्तुराबाईंनी एकेका खोट्या ‘नाही’वर आडवी रेघ मारली. अक्षरानं शिकवलं होतं तशी, खालचं वाचता येईल अशी, शेजारी तारीख आणि सही. मग लिहिलं, ‘हिरवी पूड, एक चमचा, संध्याकाळी. नाव माहीत नाही. भीतीपोटी लिहिलं नव्हतं.’

“अगं, काढून टाकतील तुला!”

“काढू देत. ह्या गोळीवर आणखी कितीतरी माणसं आहेत. माझ्या खोट्यामुळे त्यांची गोळी बदनाम व्हायला नको.”

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी फक्त बरणी मागवून घेतली. चिडले ते चंद्रकांत. “साहेब, तुमची गोळी सिद्ध झालेली नाही, ही पूडही नाही. मग फरक काय?”

“पुडीत गुण असेलही. मला माहीत नाही,” डॉक्टर म्हणाले. “माझ्या गोळीचंही पुरतं माहीत नाही, म्हणून तर ही वही. माझी गोळी हरली तर मला ते लिहून कळवावं लागतं. त्यांची पूड हरली तर कोण लिहितं?” मग हळूच विचारलं, “मला तुम्ही दीड तास प्रश्न विचारलेत. त्यांना किती विचारलेत?”

दुसऱ्या दिवशी चंद्रकांत आनेकलला जाऊन आले. चपला काढतानाच बोलू लागले. “विचारलं मी, ज्यांना गुण आला नाही त्यांचं काय? म्हणतात, त्यांनी श्रद्धेनं घेतलं नाही! कस्तुरा, आमच्याकडे एक नट नापास झाला तर आख्खा माल अडवायचो. इथे नापास झालेला नटच म्हणे दोषी!” मग खुर्चीत बसून म्हणाले, “आणि मी तुला ती पूड रोज स्वतःच्या हातानं कालवून दिली.”

कस्तुराबाई म्हणाल्या, “सरी, असू दे. आता चहा कालवा.”

पूड थांबल्यावर तीन आठवड्यांत आकडे उतरले. समितीच्या परवानगीनं गोळी पुन्हा सुरू झाली, कमी मात्रेत. नव्या स्कॅनमध्ये गाठ लहान झाली नव्हती, मोठीही झाली नव्हती.

“म्हणजे गुण आला की नाही?” चंद्रकांतांनी विचारलं.

“वाढली नाही. आज एवढंच म्हणता येतं.”

गुरुजींना मात्र एवढ्यावर भागवायची सवय नव्हती. महिन्याभरानं कृष्णमूर्तींनी कौतुकानं नवं पत्रक आणून दिलं. त्यात छापलं होतं, ‘येलहंक्याच्या एक माउली आमच्या पुडीनं पूर्ण बऱ्या झाल्या.’ चंद्रकांतांनी या वेळी लाल पेन काढलं, पत्रकाच्या एकुलत्या एका पानावर सतरा रेघा ओढल्या आणि ते कृष्णमूर्तींना परत दिलं.

मी आता भरले. कुलूपबंद कपाटात माझ्यावर नाव नाही, फक्त आकडा आहे. कस्तुराबाईंची गाठ पुढे काय करेल, मला माहीत नाही. माझ्यात तेवढी पानं नाहीत. वाचकहो, कुणी औषध पुढे केलं तर त्याला जरूर विचारा, ज्यांना गुण आला नाही त्यांची वही कुठे आहे?

माझ्या शेवटच्या पानावर ‘त्रास’ या रकान्यात कस्तुराबाईंनी लिहिलंय, ‘दोन जिने चढल्यावर धाप लागली. मग तिसरा चढले.’