एयांगची किणकिण

रुमिनीचं, माझ्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न १९८३ साली झालं. लग्नाला अकरा दिवस उरले होते, तेव्हा सागाच्या जंगलातल्या नव्या विहिरीचा गॅस आमच्या स्टेशनात आला.

स्टेशनात तीन इंजिनं होती. जमिनीतून येणारा गॅस दाबून नळातून पुढे शहराकडे ढकलायचा, एवढंच त्यांचं काम. आणि चालायचीही त्याच गॅसवर. जे ढकलायचं त्यातलाच एक घोट स्वतः प्यायचा. थोरलं इंजिन बारा सिलिंडरचं. त्याला सगळा गाव एयांग म्हणायचा, आजीला म्हणतात तसं. तिच्या आवाजावर आमचा भात शिजायचा, पोरं झोपायची. भर दुपारी वाऱ्याची झुळूक नसताना केळीची पानं हलली, तर ती एयांगच्या श्वासाने हलली असं आम्ही म्हणायचो.

माझा नवरा लासिमान एकवीस वर्षं एयांगपाशी होता. आमच्याकडे लग्न झालेल्या पुरुषाला पा आणि बाईला बू म्हणून हाक मारतात. नवीन लग्न झालं होतं तेव्हा मी त्याला विचारलं होतं, "पा, तिच्या पोटात चालतं तरी काय?"

"लग्न लागतं," तो म्हणाला. "मांडव गच्च भरलेला. ठिणगी पडते आणि आग नवरीसारखी दारातून आत येते. ज्या रांगेशी पोचते ती रांग उठून उभी राहते. अशी शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेली की दट्ट्या नीट खाली जातो."

"आणि नवरी पोचायच्या आधीच कोपऱ्यातले उठले तर?"

"मग चेंगराचेंगरी. मांडवच कोसळतो."

त्याच एयांगने हळूहळू त्याचे कान नेले. आधी रातकिडे गेले, मग पाखरं, मग रुमिनीचं हसणं. जड आवाज त्याला छातीत कळायचे, बारीक आवाज अजिबात नाहीत. समोर उभं राहून कुणी बोललं तर तो ओठ वाचायचा. हे फक्त मला ठाऊक होतं. बाहेर कळलं असतं तर त्याला एयांगपासून काढून फाटकावर बसवलं असतं. "फाटकावर मी बसल्या बसल्या गंजेन, बू," तो म्हणायचा.

म्हणून आम्ही एक रीत पाडली. दुपारी मी सागाच्या पानात बांधलेला भात घेऊन कुंपणाशी जायची. बाकावर बसून तो उजव्या हाताने जेवायचा आणि डावा हात बाकावर पालथा ठेवायचा. मी एयांगचं ऐकायची आणि त्या हातावर बोटांनी वाजवून दाखवायची. जड ठोके बोटाच्या पेराने, बारीक टकटक नखाने. जेवून तो आत जायचा आणि जे बिघडलं असेल ते नीट करायचा. सगळे म्हणायचे, लासिमानसारखे कान सात गावांत नाहीत.

टोगार म्हणून मेदान शहराकडचा तरुण इंजिनीअर नवा आला होता. तो एकदा जाता जाता म्हणाला, "पा लासिमान, लेक बोहल्यावर चढायला निघाली, आणि तुम्ही अजून बायकोचा हात धरून जेवता?"

लासिमान हसला. त्याला काही ऐकू आलं नव्हतं, पण कुणाचे ओठ हलले की तो हसायचा. त्यामुळे फार गोड माणूस म्हणून त्याचं नाव होतं.

नवा गॅस आला तेव्हा टोगारने एयांगची ठिणगी जरा लवकर पडेल अशी करून घेतली. तेवढ्याने जोर वाढतो, म्हणाला. जोर वाढलाही. आणि दुसऱ्या दुपारी मला ती किणकिण ऐकू आली.

एयांगच्या धापेखाली कुणीतरी काशाच्या पट्ट्यांवर हलक्या लाकडी हातोडीने वाजवत होतं. लग्नघरी गामेलान वाजतं तसं, पण लांबून, सागाच्या रानापलीकडून आल्यासारखं. ऊन पांढरं पडलं होतं. माझे डोळे जड झाले. मला वाटलं, त्या झाडांमागे दिवे लागले आहेत, पिवळ्या कपड्यांतली माणसं रांगेने चालली आहेत आणि पुढे माझी रुमिनी आहे, केसांत मोगऱ्याच्या कळ्या माळलेली.

कुठेच वाजत नसलेलं गामेलान ऐकू आलं, तर ते राखणदारांच्या घरचं लग्न असतं. ज्याने ऐकलं त्याने ते तोंडाबाहेर काढायचं नसतं. काढलं की आपल्या घरचं कार्य विस्कटतं. माझ्या आईने मला हे सांगितलं होतं, तिला तिच्या आईने. मला वाटलं, जागेचा राखणदार माझ्या लेकीसाठी वाजवतोय. मी लासिमानच्या हातावर फक्त जड ठोके वाजवले. किणकिण माझ्याजवळ ठेवली.

"आज काही वेगळं?" त्याने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. एकवीस वर्षांत त्याच्यापासून लपवलेली ती पहिलीच गोष्ट.

तीन दिवस मी त्या किणकिणीसाठी लवकर निघायची. ती रोज थोडी मोठी होत होती. वऱ्हाड जवळ येतंय, असं मी समजत होते.

चौथ्या दिवशी रुमिनी माझ्याबरोबर आली. लग्नाआधी मुलीने घराबाहेर पडू नये, पण बापाला एकदा भात द्यायचाच, म्हणून हटून बसली होती. कुंपणाशी आलो तशी ती थबकली.

"आई, एयांगला काय झालंय? दात खाल्ल्यासारखी का करतेय?"

"काय म्हणालीस?"

"ऐक ना. कडकड कडकड. सुपात खडे पाखडल्यासारखं."

मी रानाकडे पाहिलं. रान होतं तिथेच होतं. दिवे नव्हते, कुणी चालत नव्हतं. आवाज एयांगच्या पोटातून येत होता. मी लासिमानचा हात धरला आणि नखाने वाजवू लागले, भराभर, थांबेचना.

त्याचा घास हातातच राहिला. "हे कधीपासून?"

मी तीन बोटं दाखवली.

तो भाताने भरलेल्या हातानेच आत धावला. आधी तिच्यावरचा भार कमी केला, मग ठिणगी मागे घेतली. किणकिण विरत गेली आणि एयांग पुन्हा नेहमीसारखी धापा टाकू लागली.

टोगार बाहेर आला. "जोर कुणी उतरवला? शहराला गॅस कमी पडला तर उत्तर कोण देणार?"

"नवा गॅस जड आहे," लासिमान म्हणाला. "लवकर पेटतो. कोपऱ्यातले पाहुणे आधीच उठताहेत."

"कसले पाहुणे? माझे सगळे मीटर बरोबर होते!"

"मग उघडून बघा."

इंजिन थांबवून, निवल्यावर सातवा सिलिंडर उघडला. दट्ट्याचं डोकं वाळवीने खाल्ल्यासारखं झालं होतं, एक कडी तुटलेली. टोगारने त्यावरून बोट फिरवलं. त्याचा आवाज खाली आला.

"अजून एक दिवस चालली असती तर फुटली असती. आत पाच माणसं असतात." मग तो लासिमानकडे वळला. "पण पा, टायमिंग मी बदललं, ते माझ्या माथी. तुमच्यासारख्या कानांना तीन दिवस हे कळलं नाही?"

"चूक माझी आहे," मी मध्ये पडले. "मी त्यांना..."

लासिमानने मला हाताने थांबवलं. टोगारचे ओठ त्याने नीट वाचले होते.

"मला ऐकू येत नाही," तो म्हणाला. "सहा वर्षं झाली. ऐकायची ती."

टोगारने आधी माझ्याकडे पाहिलं, मग कुंपणाशेजारच्या बाकाकडे.

दुसऱ्या दिवसापासून लासिमान फाटकावर बसला. टोगारने ठिणगी मागेच ठेवली, आणि रोज दुपारी कानांवरचं झाकण काढून कुंपणाशी येऊन उभा राहू लागला. "बू, आज कशी आहे?" असं मला विचारायचा. आतली पाच माणसं रोज सुखरूप घरी जात होती, म्हणून लासिमान फाटकाबद्दल कधी बोलला नाही. मी किणकिण का लपवली ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सुंदर वाजत होतं का?" मी हो म्हटलं.

रुमिनीच्या लग्नात खरं गामेलान होतं. लासिमान मोठ्या घंटेच्या लाकडी चौकटीला पाठ लावून बसला होता, डोळे मिटून. बारीक पट्ट्यांचं मी त्याच्या हातावर नखाने वाजवत होते.

एयांग १९९१ मध्ये बंद झाली. लासिमान १९९६ साली, लग्नसराईच्या बेसार महिन्यात, बुधवारी दुपारी घरीच वारला.