पाचशे बेचाळीस

विश्वास तुम्ही ठेवणार नाही, हे मले माहीत आहे. पण माझी शुगर पाचशे बेचाळीस होती अन् मी पंडरीतल्या लॅबपासून बूढ़ापाऱ्यातल्या घरापर्यंत पायी आलो. मागं मुंग्यांची रांग. चौकातल्या शिपायानं त्यांच्यासाठी सिटीबस थांबवली.

डॉक्टरीणबाई रिपोर्ट पाहून म्हणाल्या, "नरहरजी, लघवीतून प्रोटीन जाऊन राहिलं. शुगर अशीच राहिली तर किडन्या हातच्या जातील. आजपासून इन्सुलिन."

म्हटलं, "बाई, या किडन्या एकाहत्तर वर्षं माझं ऐकून राहिल्या. तुमचं काहून ऐकतील?"

सुनेनं इन्सुलिन आणून फ्रिजात ठेवलं. मी ढुंकून पाहिलं नाही. रोज सकाळी शेजारच्या भैय्यालालला घेऊन बूढ़ा तलावावर जायचो, शुगर मोजायची मशीन खिशात. काठावर उभा राहून शुगरले दम द्यायचो, "उतर, नाहीतर बुडवीन!" ती उतरायची. मंग वरून दोन जिलब्या, तिले खिजवायले. तरी मशीनवर एकशे आठ! घरी येऊन आकडा सुनेले दाखवायचो, ती वहीत लिहायची.

हे सारं काल संध्याकाळी ओट्यावरच्या बाकावर बसून सांगून राहिलो होतो. समोर भैय्यालाल चहा पीत बसलेला. सून क्षमा दारात उभी. ती एकदम म्हणाली, "बाबा, म्हणजे सुई तुम्ही घेतलीच नाही? मले तर रोज 'टोचली' म्हणता!"

"काहून टोचू? वही बघ नं!"

"वही बघू का तुमचे पाय बघू? चपलेत मावत नाहीत."

मी पाय बाकाखाली घेतले. "पाय म्हातारे झाले. शुगर जवान आहे, माझ्या धाकात आहे."

क्षमा आत गेली अन् एक छोटी प्लास्टिकची बाटली आणून माझ्यापुढं ठेवली. "उद्या सकाळची पहिली लघवी यात. लॅबवाला येऊन राहिला. किडनीचं काय ते यातच कळेल, वहीत नाही."

"ठेव," मी छाती काढून म्हटलं. "मशीनसोबत तलावावर नेतो, भरून आणतो."

भैय्यालालला ठसका लागला. कप खाली ठेवून तो ताडकन उठला. दहाही बोटं त्यानं क्षमापुढं पसरली. टोकांवर काळे ठिपके.

"नाही नरहर भैया! दहा दिवस बोट माझं टोचलं, ते एकशे आठ माझे. दोस्तीत बोट दिलं. पण या बाटलीत मी काही भरणार नाही. किडनी तुमची जाऊन राहिली, माझी नाही!"